मॅनोमेट्री पंधरा मिनिटांत उरकू नका: अन्ननलिकेची तपासणी करणाऱ्या रुग्णालयांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात अन्ननलिकेची मॅनोमेट्री करणाऱ्या रुग्णालयांचे व्यवस्थापक,
आणि या तपासणीच्या रिपोर्टवर सही करणारे पोटविकारतज्ज्ञ व सर्जन यांस,

सप्रेम नमस्कार.

नाकातून नळी घालून अन्ननलिकेतला दाब मोजण्याचं, म्हणजे मॅनोमेट्रीचं काम मी बरीच वर्षं करते आहे. सुरुवात मुंबईत केली, आता पुण्यात आहे. मी जिथे काम करते तिथे मागच्या महिन्यात एक सूचना निघाली. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका इमारतीचा नाही. सूचना अशी: यापुढे मॅनोमेट्रीचा पेशंट पंधरा मिनिटांत खोलीबाहेर आला पाहिजे. आडवं झोपवून पाण्याचे दहा घोट घ्यावेत. बसवून घ्यायचे घोट आणि ग्लासभर पाणी सलग पिण्याचा भाग वगळावा. सॉफ्टवेअर जो रिपोर्ट काढून देईल तोच सहीला पाठवावा.

मी हरकत घेतली. "सगळीकडे असंच चालतं," असं उत्तर मिळालं. ओळखीच्या टेक्निशियनांना फोन करून विचारलं, तर बऱ्याच ठिकाणी खरोखर असंच चालतं. म्हणून हे पत्र एका टेबलावर न ठेवता सगळ्यांसमोर ठेवते आहे. ज्यांच्या नाकातून ही नळी जाते त्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

घास छातीत अडकतो. वरून पाणी प्यायलं तर तेही साचून राहतं. रात्री आडवं झालं की न पचलेलं अन्न तोंडात येतं, खोकल्याने जाग येते, कपडे ढिले होत जातात. दुर्बिणीने पाहावं तर गाठ नाही, व्रण नाही. अशा माणसाला आमच्याकडे पाठवतात. त्यातल्या काहींना अकॅलेशिया असतो. अन्ननलिकेच्या तळाची झडप गिळताना उघडत नाही आणि घास खाली ढकलणाऱ्या लाटा उठेनाशा होतात. लाखात वर्षाला साधारण एका नव्या माणसाला होणारा हा आजार आहे. लक्षणं अॅसिडिटीसारखी वाटतात, त्यामुळे लोक वर्षानुवर्षं गोळ्या खात बसतात. ही रखडपट्टी जिथे थांबायला हवी ती जागा म्हणजे मॅनोमेट्रीची खोली.

शिवाय या तपासणीतून नुसतं आजाराचं नाव मिळत नाही, पुढे काय करायचं तेही ठरतं. अकॅलेशियाचे तीन प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारात फुग्याने झडप ताणली तरी चांगला गुण येतो. तिसऱ्यात अन्ननलिकेचा खालचा भागच आवळून धरतो, तिथे फुगा बहुधा पुरत नाही आणि स्नायू बराच वरपर्यंत कापावा लागतो. तोंडातून दुर्बीण घालून असा स्नायू कापण्याची पोएम ही पद्धत जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली पहिल्यांदा माणसावर वापरली, आणि आज ती आपल्याकडेही होते. पण अकॅलेशियाच्या पेशंटला अॅसिड वर येण्याचा आजार समजून झडप घट्ट करण्याचं ऑपरेशन केलं, तर उरलासुरला घासही उतरेनासा होतो. उलट चांगली झडप कापली तर माणूस जन्मभर जळजळीचा धनी होतो. कापलेली झडप पूर्वीसारखी करून देता येत नाही. हे सगळे निर्णय आमच्या खोलीत निघालेल्या दाबाच्या चित्राच्या भरवशावर होतात. ते चित्रच चुकीचं असेल तर पुढचा कितीही निष्णात सर्जन काय करणार?

आता तक्रारी सांगते. पहिली वेळेची, आणि सगळ्यात मोठी तीच.

या तपासणीसाठी शिकागो वर्गीकरण नावाची पद्धत जगभर वापरतात. तिची चौथी आवृत्ती २०२१ साली आली, निरनिराळ्या देशांतल्या ५२ तज्ज्ञांनी मिळून ती केली. तपासणी कशी करायची तेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. नळी जागेवर बसली की पेशंटला निदान ६० सेकंद शांत पडू द्यायचं. मग निदान तीन खोल श्वास, मग ३० सेकंद काहीही न गिळता नोंद. आडवं असताना ५ मिलिलिटर पाण्याचे १० घोट, दर दोन घोटांमध्ये कमीत कमी ३० सेकंद. त्यानंतर २ मिलिलिटरचे ५ घोट, दोन-तीन सेकंदांच्या अंतराने लागोपाठ. मग बसवून निदान ५ घोट, आणि २०० मिलिलिटर पाणी सलग प्यायला द्यायचं. नुसतं हेच घड्याळ लावून, एकही घोट न चुकता केलं तरी पंधरापैकी दहाहून जास्त मिनिटं संपतात. यात नाकात जेली लावून ती बधिर होईपर्यंत थांबणं नाही, नळी घालणं नाही, ओकारी थांबण्याची वाट पाहणं नाही, चुकलेला घोट परत घेणं नाही. साठीच्या पुढच्या, घाबरलेल्या, नाकाचं हाड वाकडं असलेल्या माणसाला नळी घालायला किती वेळ लागतो ते सूचना काढणाऱ्यांनी एकदा खोलीत उभं राहून पाहावं, ही माझी मनापासून विनंती आहे.

आणि वेळ वाचवायला नेमका कुठला भाग कापला? बसवून घ्यायचा. चौथ्या आवृत्तीने सगळ्यात जास्त भर दिलेल्या गोष्टींपैकी ही एक आहे. आडवं असताना, गिळल्यावरही झडपेत उरलेला दाब जास्त दिसतो आणि बसवल्यावर तो उतरतो, असे पेशंट आम्हाला वरचेवर भेटतात. पूर्वी फक्त आडव्या स्थितीतल्या आकड्यावरून अशांना 'झडपेपाशी अडथळा' असा शिक्का बसायचा. त्यातल्या कित्येकांना अडथळा नव्हताच. म्हणून आता नियम असा केला की आकडा आडवं आणि बसून, दोन्ही स्थितींत वाढलेला हवा, आडव्या स्थितीतल्या निदान पाचपैकी एका घोटात अडलेल्या पाण्याचा दाब दिसायला हवा, पेशंटला गिळायचा त्रास किंवा हृदयाशी संबंध नसलेलं छातीत दुखणं असायला हवं, आणि बेरियम पाजून ठराविक वेळाने काढलेले एक्स-रे फोटो किंवा तशी दुसरी तपासणीही त्याला दुजोरा देणारी हवी. एवढं सगळं जुळलं तरच त्या निदानावर उपचार करायचे. आपण बसवायचंच सोडून दिलं, तर जी चूक सुधारायला हा नियम झाला तीच पुन्हा सुरू होईल. त्या शिक्क्यावर उद्या कुणी फुगा घालेल, परवा कुणी झडप कापेल.

लागोपाठच्या पाच छोट्या घोटांचंही तसंच आहे. ते चालू असताना अन्ननलिका शांत राहायला हवी आणि संपल्यावर एक जोरदार लाट उठायला हवी. ती उठली तर स्नायूत अजून ताकद आहे हे कळतं. झडप घट्ट करण्याचं ऑपरेशन ठरलेलं असतं तेव्हा सर्जनना हे हवंच असतं. या भागाला मिनिटही लागत नाही. तोही आमच्या सूचनेतल्या 'दहा घोट' या शब्दांत कुठेतरी गळून गेला.

दुसरी तक्रार पेशंटशी कुणी बोलत नाही ही. आपण घोट गिळला की अन्ननलिकेतली आधीची लाट थांबते आणि नवी सुरू होते, असं शरीराचंच काम आहे. म्हणजे पाण्याच्या घोटानंतर चार-पाच सेकंदांत पेशंटने थुंकी गिळली, तर पहिल्या घोटाची लाट मध्येच विझते. पडद्यावर तो घोट 'फेल' दिसतो. दहापैकी पाच असे झाले की सॉफ्टवेअर 'अन्ननलिकेची हालचाल निष्प्रभ' असं छापून मोकळं होतं. नाकात नळी असताना तोंडाला पाणी सुटतं, घशात टोचतं, माणूस सारखं गिळत राहतो. त्याचा यात काही दोष नाही. त्याला आधी समजावून सांगायला हवं होतं.

मी काय करते ते सांगते. नळी घालण्याआधीच पेशंटला बसवून सांगते, "काका, मी सिरिंजने तोंडात थोडं पाणी देईन. मी 'हं' म्हटलं की एकदाच गिळायचं. मग मी सांगेपर्यंत थुंकीसुद्धा गिळायची नाही. तोंड जरा उघडं ठेवा, लाळ आली तर रुमालात सोडा, लाजू नका." मग नळी नसताना दोन-तीनदा करून घेते. ज्यांना मराठी नीट येत नाही त्यांना हिंदीत, कानडी आजींना त्यांच्या नातवाकडून सांगते. हे न करता मशीनकडे तोंड करून "स्वॅलो" असं ओरडणारे पाहिले आहेत. सोलापूरकडच्या खेड्यातून आलेल्या बाईने 'स्वॅलो' ऐकून काय करावं? ती घाबरून एकामागून एक गिळत राहते आणि तिच्या रिपोर्टवर नसलेला आजार छापला जातो. दुहेरी गिळलेला घोट मोजायचा नसतो, तो परत घ्यायचा असतो. पंधरा मिनिटांत परत घेणार कधी?

तिसरी तक्रार नळी जठरात पोचली की नाही हे न पाहण्याची. आमच्या नळीवर एकेक सेंटिमीटरवर ३६ सेन्सर आहेत. वरचे घशात, मधले अन्ननलिकेत आणि खालचे काही झडप ओलांडून जठरात असायला हवेत. तपासायची रीत सोपी आहे. खोल श्वास घ्यायला सांगायचा. छातीतला दाब उतरतो, पोटातला चढतो. पडद्यावर ही उलटापालट जिथे दिसते तिथे श्वासपटल आहे, आणि तिच्या खाली सेन्सर दिसले म्हणजे नळी पार गेली. अकॅलेशियात अन्ननलिका फुगून वाकडी झालेली असते. नळी झडपेशी अडते, दुमडते आणि वर वळते. अनुभवी डोळ्याला ते लगेच कळतं: चित्राचा खालचा अर्धा वरच्याची आरशातली प्रतिमा दिसतो.

बीड जिल्ह्यातून आलेल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईंचा जुना रिपोर्ट माझ्यासमोर आला होता. दुसऱ्या एका शहरातला. त्यात लिहिलं होतं, आकुंचन अजिबात नाही, झडपेचा दाब कमी. त्यावरून त्यांना कातडी कडक करणाऱ्या संधिवाताच्या जातीचा आजार असेल या शंकेने महागड्या रक्ततपासण्या सांगितल्या गेल्या. त्या करायला त्यांनी मुकादमाकडून उचल घेतली. घास मात्र उतरत नव्हताच. सोबत चित्र नव्हतं, म्हणून नवऱ्याला परत त्या शहरात पाठवून ते मागवलं. ते येताच दिसलं की नळी तळाशी दुमडलेली आहे. झडप मोजलीच गेली नव्हती. आम्ही त्यांना बसवून, घोटघोट पाणी देत नळी घालायचा प्रयत्न केला. तरी जाईना, तेव्हा डॉक्टरांनी दुर्बिणीच्या मदतीने ती पार केली. दुसऱ्या प्रकारचा अकॅलेशिया, पुस्तकात असावा तसा स्पष्ट. फुग्याने झडप ताणली. पुढच्या भेटीला आल्या तेव्हा भाकरी कोरडी खाता येते म्हणाल्या. पहिल्याच ठिकाणी तीन खोल श्वास घ्यायला लावले असते, तर ती उचल, ते उपास, त्या फेऱ्या काहीच झालं नसतं.

चौथी तक्रार औषधांची, आणि ती तपासणीच्या आदल्या दिवशीच सुरू होते. आपल्याकडे अॅसिडिटीची म्हणून जी कॅप्सूल सर्रास मिळते, तिच्यात पुष्कळदा डॉम्पेरिडोन, लेव्होसल्पिराइड किंवा इटोप्राइडही मिसळलेलं असतं. ही हालचाल वाढवणारी औषधं आहेत. पेशंटला विचारलं तर तो "फक्त अॅसिडिटीची एक घेतो" एवढंच सांगणार. ब्लड प्रेशरसाठी निफेडिपिन, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी, यांनी झडप ढिली होते. कंबरदुखीसाठी महिनोन्महिने चालणाऱ्या अफूवर्गीय गोळ्यांनी उलट होतं. झडप उघडेनाशी होते आणि खालचा भाग आवळतो, म्हणजे चित्र थेट तिसऱ्या प्रकारच्या अकॅलेशियासारखं दिसू शकतं. एका काकांचं पोएम ठरलं होतं. त्यांच्या डॉक्टरांनी कंबरेची गोळी हळूहळू बंद केली, आम्ही परत तपासलं, आणि ऑपरेशन रद्द झालं. सगळ्यांचं असं होईल असं मी म्हणत नाही. पण विचारायला हवं की नको?

पेशंटला नावं पाठ नसतात. म्हणून मी फोनवरच सांगते, "घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या, पाकिटं फेकू नका." कुठलं औषध थांबवायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं, हृदयाचं औषध कुणी आपल्या मनाने बंद करता कामा नये. थांबवता येत नसेल तर रिपोर्टवर लिहा की हे चालू असताना तपासणी झाली. एवढी एक ओळ मी फार थोड्या रिपोर्टांवर पाहिली आहे. उपाशीपणाचंही तेच. चार तास सगळ्यांनाच सांगतात, पण ज्याची अन्ननलिका भरलेलीच राहते त्याला ते पुरत नाहीत. त्याला आदले एक-दोन दिवस पातळ आहारावर ठेवायला हवं. नाहीतर नळी घालताना कालची डाळ वर येते आणि फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. दुर्बीण आणि मॅनोमेट्री एकाच सकाळी उरकण्याचा जो प्रकार चालतो, त्यात झोपेचं इंजेक्शन अंगात असतानाच दाब मोजला जातो. तोही बंद व्हावा.

पाचवी गोष्ट यंत्राच्या शून्याची. भाजीवाल्याच्या काट्याचं पारडं आधीच झुकलेलं असेल तर आपण वजन मान्य करत नाही. इथे मात्र कुणी बघत नाही. आमच्या नळीचे सेन्सर खोलीतल्या हवेत शून्यावर आणतो आणि मग ते अंगाच्या उबेत जातात. गरम झाले की वाचन सरकतं, वेळ जाईल तसं आणखी. त्यासाठी शेवटी नळी बाहेर काढतानाही रेकॉर्डिंग चालू ठेवायचं असतं. नळी झटकन काढून, गरम असतानाच हवेत काही सेकंद आडवी धरायची, मग बंद करायचं. त्या काही सेकंदांवरून सॉफ्टवेअर सगळी नोंद दुरुस्त करतं. घाईत असलेला माणूस आधी रेकॉर्डिंग बंद करतो आणि मग नळी काढतो. दुरुस्तीचा आधारच गेला. पाण्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये वेगळी काळजी लागते. बारीक नळ्यांत हवेचा बुडबुडा राहिला तर दाब दबका दिसतो. पेशंट बसला की पाण्याच्या स्तंभाची उंची बदलते, तिथे शून्य पुन्हा जुळवावा लागतो. दाबात पाऱ्याच्या पाच-सात मिलिमीटरचा फरक कुणाला किरकोळ वाटेल. पुढचा मुद्दा वाचा म्हणजे कळेल की तो किरकोळ का नाही.

सहावी तक्रार आकड्याची. गिळल्यावर झडप किती ढिली पडली हे सांगणारा जो आयआरपी नावाचा आकडा असतो, त्यावर जवळपास सगळं निदान उभं आहे. त्याची आडव्या स्थितीतली वरची मर्यादा एका कंपनीच्या नळीवर १५ मिलिमीटर आहे, दुसऱ्या काही कंपन्यांच्या नळीवर २२. बसलेल्या स्थितीत १२ आणि १५. पाण्यावरच्या मशीनची आणखी निराळी. म्हणजे रिपोर्टवर १८ लिहिलं असेल तर एका मशीनवर झडपेचा दाब वाढलेला आहे आणि दुसऱ्यावर अगदी नॉर्मल. तरीही मशीन कुठलं, मर्यादा कुठली, वर्गीकरणाची आवृत्ती कुठली, यातलं काहीच न लिहिलेले रिपोर्ट रोज हातात पडतात. पेशंट ते घेऊन दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे जातो आणि तिथे आकडा त्यांच्या मशीनच्या मापाने वाचला जातो.

यात सॉफ्टवेअरवरचा आंधळा विश्वास भर घालतो. झडपेची चौकट ते स्वतः आखतं. जठर छातीत सरकल्याचा हर्निया असेल तर झडप एका जागी आणि श्वासपटल दुसऱ्या जागी असतं, आणि चौकट कधी भलत्याच पट्ट्यावर बसते. अन्ननलिकेच्या मागे-पुढे महाधमनी आणि हृदय आहे, त्यांच्या ठोक्यांचा दाब ते कधीकधी आकुंचन म्हणून मोजतं. खोल श्वासाने श्वासपटल आवळलं की आयआरपी फुगतो. हे सगळं माणसाने एकेक घोट उघडून, खुणा सरकवून दुरुस्त करायचं असतं. डॉक्टर मंडळींना हात जोडून सांगते, सही आपली असते. शेवटच्या पानावरच्या चार ओळी वाचून ती करू नका. दहाही घोट स्वतः बघा. शंका आली तर आम्हाला बोलावून विचारा, आम्ही खोलीत होतो. कुठला घोट खोकल्यात गेला ते आम्हाला माहीत असतं. कित्येक ठिकाणी टेक्निशियन आणि रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर यांची एकमेकांशी भेटच होत नाही.

शेवटची तक्रार चित्राची. पेशंटला एक पानी रिपोर्ट देतात, नोंद देत नाहीत. मागितली तर "ती मशीनमध्येच असते" असं सांगतात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांत पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायला सांगितलं आहे. तपासणीची नोंद हा त्याच्या कागदपत्रांचाच भाग आहे असं मी मानते. बीडच्या बाईंचा घोळ सुटला तो चित्र मिळालं म्हणून. ते पुसलं गेलं असतं तर आम्हालाही कारण कळलं नसतं.

व्यवस्थापनाची बाजू मला माहीत आहे. मशीन महाग, नळी त्याहून नाजूक, तिचं आयुष्य ठराविक वापरांचं, बाहेर रांग. पण चुकलेली तपासणी परत करावी लागते तेव्हा त्याच नळीचे दोन वापर खर्ची पडतात आणि रांगेतली एक जागा फुकट जाते. पेशंटने पैसे दोनदा मोजलेले असतात, आणि नाकातून नळीही दोनदा सोसलेली असते. घाईने पैसा वाचतो हा हिशेबच मला मान्य नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

मॅनोमेट्रीच्या प्रत्येक पेशंटसाठी पाऊण तास राखून ठेवा. पंधरा मिनिटांची सूचना मागे घ्या, आमच्याकडचीही आणि जिथे जिथे ती न लिहिता चालू आहे तिथलीही.

आडवं आणि बसून, दोन्ही स्थितींतली तपासणी, लागोपाठचे पाच घोट आणि २०० मिलिलिटर पाणी यातलं काही वगळलं तर का वगळलं ते रिपोर्टवर लिहा. पेशंटला सोसलं नाही, हे चालेल. वेळ नव्हता, हे चालणार नाही.

तपासणीच्या आधी मराठीत छापलेला कागद पेशंटच्या हातात द्या. किती तास उपाशी, कोणाला पातळ आहार, गोळ्यांची पिशवी सोबत, आणि कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

रिपोर्टवर मशीन, त्याच्या मर्यादा, वर्गीकरणाची आवृत्ती, चालू औषधं, किती घोट मोजले आणि किती टाकून दिले, नळी जठरात पोचल्याची खात्री कशी केली, कोणी तपासलं आणि कोणी वाचलं, हे सगळं यावं. नळी पार गेली नसेल तर 'तपासणी अपुरी' असं स्पष्ट लिहा, त्यावरून निदान छापू नका.

पेशंटला रंगीत चित्रं रिपोर्टसोबत द्या आणि मूळ नोंद मागितल्यावर पेनड्राइव्हवर द्या. ती मशीनची जागा कमी पडली म्हणून पुसू नका.

टेक्निशियनला शिकवा. मशीन बसवायला आलेला कंपनीचा माणूस अर्धा दिवस दाखवून जातो आणि दुसऱ्या दिवशी पेशंट सुरू होतात, हे थांबलं पाहिजे. नव्या मुलाला किंवा मुलीला अनुभवी हाताखाली पुरेशा तपासण्या केल्याशिवाय एकट्याला खोलीत सोडू नका. पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी आपल्या परिषदांत डॉक्टरांसाठी जशी सत्रं ठेवली जातात तशी आमच्यासाठी मराठीतून ठेवावीत. मी शिकवायला येईन. माझ्यासारखे आणखी आहेत, तेही येतील.

आणि मोठं ऑपरेशन ठरवण्याआधी मॅनोमेट्रीचा निकाल, बेरियमचे फोटो आणि पेशंटचं म्हणणं यांचा मेळ बसतो का ते पाहा. बसत नसेल तर आधी तपासणीवर शंका घ्या.

पेशंट आणि नातेवाईक हे वाचत असतील तर त्यांनी एवढं विचारावं: बसवून तपासलं का, नळी जठरात गेली होती का, चित्र मिळेल का. विचारल्याचा कुणी राग मानू नये. तो तुमचा हक्क आहे.

आमच्या रुग्णालयातल्या सूचनेबद्दल मी रीतसर लेखी अर्जही दिला आहे. उत्तर येईपर्यंत माझ्या खोलीत तपासणी पूर्ण वेळ घेऊनच होईल, हे व्यवस्थापनाला त्या अर्जात कळवलं आहे आणि इथेही सांगते.

कळावे,
आपली,
एक मॅनोमेट्री टेक्निशियन
पुणे